विश्लेषण : उजनीच्या होडीत पर्यटक वाढले, पण जाळ्यात मोठा मासा का नाही?

हिवाळ्यातील सुट्टीच्या दिवशी पहाटे भिगवणजवळच्या कुंभारगाव, डिकसळच्या काठावर दोन प्रकारच्या होड्या दिसतात. एक रात्री टाकलेली जाळी उचलून परतणारी आणि दुसरी पुण्या-मुंबईच्या पर्यटकांना रोहित पक्ष्यांचे, म्हणजे फ्लेमिंगोंचे थवे दाखवायला निघालेली. अनेकदा होडी तीच असते आणि ती चालवणारा माणूसही तोच. उजनीच्या पाण्यावर आज मासेमारी आणि नौकाविहार असे दोन व्यवसाय एकमेकांना खेटून उभे आहेत. पर्यटनामुळे काठावरच्या काही गावांत चार पैसे आले, हे खरे. मात्र ज्या मासळीसाठी भिगवणचे नाव झाले, त्यातील मोठे मासे जाळ्यात येणे अवघड होत चालले आहे. हे का घडते, पर्यटन हा मासेमारीला पर्याय ठरू शकतो का आणि उजनीतील मासा वाचवण्याची किल्ली नेमकी कुणाच्या हातात आहे, याविषयी...

उजनीच्या पाण्याचे गणित काय?

सोलापूर जिल्ह्यात भीमा नदीवर बांधलेले उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याच्या जलाशयाला यशवंतसागर असे नाव आहे. जलाशयाचा फुगवटा सोलापूर, पुणे आणि अहिल्यानगर या तीन जिल्ह्यांत पसरलेला आहे. करमाळा, माढा, इंदापूर, दौंड, कर्जत या तालुक्यांतील अनेक गावांच्या जमिनी या पाण्याखाली गेल्या. शेती गेलेल्या काही कुटुंबांनी पुढे भोई आणि कोळी समाजातील पारंपरिक मच्छीमारांबरोबर जाळे हाती घेतले.

धरणाची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी आहे. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, लिटरमध्ये मोजायचे तर सुमारे २,८३० कोटी लिटर. उजनीचे वेगळेपण असे की, यातील सुमारे ६३.६६ टीएमसी हा मृतसाठा आहे आणि उपयुक्त साठा सुमारे ५३.५७ टीएमसी. म्हणूनच उजनीच्या बातम्यांत ‘उणे’ टक्केवारी वाचायला मिळते. उपयुक्त साठा संपला की मोजणी शून्याखाली सुरू होते, पण पाणी काढणे थांबत नाही.

२०२३ मध्ये पाऊस कमी झाल्याने धरण पूर्ण भरले नाही. त्यानंतर २०२४ च्या उन्हाळ्यात साठा उणे ६० टक्क्यांच्या जवळ पोहोचला. याचा अर्थ मृतसाठ्यातील निम्मे पाणीही वापरले गेले आणि भरलेल्या धरणाच्या तुलनेत जेमतेम पाव हिस्सा पाणी उरले. त्याच पावसाळ्यात ऑगस्टमध्ये धरण पुन्हा भरले. पाण्याचा हा प्रचंड चढउतार मासे, पक्षी आणि होडीवाले या तिघांचेही वेळापत्रक ठरवतो. मात्र तो ठरतो तो ऊस, फळबागा, सोलापूर शहराचे पिण्याचे पाणी आणि कालव्याची आवर्तने यांच्या हिशेबाने. माशांचा विचार त्यात शेवटी येतो, किंवा येतच नाही.

पर्यटक नेमके कशासाठी येतात?

पुणे-सोलापूर महामार्गावर पुण्यापासून साधारण शंभर किलोमीटरवर भिगवण लागते. येथून जवळच्या गावांच्या काठाशी जलाशय उथळ आहे. पावसाळ्यानंतर धरणातून पाणी सोडले जाऊ लागले की काठाचा चिखल उघडा पडतो. शेवाळ, सूक्ष्म जीव, कीटकांच्या अळ्या यांनी भरलेला हा चिखल म्हणजे पाणपक्ष्यांसाठी वाढलेले ताट. फ्लेमिंगो चोच उलटी धरून पाणी गाळतो आणि त्यातील अन्न टिपतो. त्यासाठी त्याला गुडघाभर पाणी आणि मऊ गाळ लागतो. म्हणून ज्या वर्षी धरण बराच काळ तुडुंब राहते, त्या वर्षी फ्लेमिंगो उशिरा दिसतात.

हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब, चक्रवाक, तलवार बदक, कुरव पक्षी हे हिवाळी पाहुणे साधारण मार्चपर्यंत असतात. चित्रबलाक, चमचे, बगळे यांचीही येथे गर्दी असते. फ्लेमिंगो मात्र पाणी आटत जाईल तसे मे महिन्यापर्यंतही रेंगाळतात. पाणी फारच खाली गेले की पळसदेवचे जुने मंदिर उघडे पडते आणि ते पाहायला आणखी एक लोंढा येतो.

पक्षी कुठे बसले आहेत, पाणी कुठे उथळ आहे, कोणत्या वळणावर बुडालेले झाड किंवा जुना बांध आहे, हे ज्याला पाठ असते तो मच्छीमारच येथे वाटाड्या झाला. पक्ष्यांची शास्त्रीय नावे शिकलेले, दुर्बीण बाळगणारे तरुण होडीवाले या गावांत भेटतात. त्यातून घरगुती जेवण, मुक्काम, गाडीतळ अशी कामेही उभी राहिली.

उजनीत कोणते मासे मिळतात?

भिगवणच्या मासळी बाजारात पहाटेच्या लिलावात जे क्रेट उतरतात, त्यांत रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस, गवत्या, मरळ, वाम, शिंगटा आणि चिलापी ही नावे ऐकू येतात. मात्र ही सगळी मासळी एकाच प्रकारे जलाशयात आलेली नाही.

मरळ, वाम, शिंगटा हे भीमेचे जुने रहिवासी. रोहू, कटला आणि मृगळ ही मुळात उत्तरेकडील गंगेच्या खोऱ्यातली मासळी. चांगली वाढ आणि बाजारातील मागणी यामुळे ती देशभरातील धरणांत सोडली गेली. सायप्रिनस आणि गवत्या परदेशातून आले. चिलापी, म्हणजे तिलापिया, मूळचा आफ्रिकेतला. मोझांबिक तिलापिया भारतात १९५२ मध्ये आणला गेला. आज उजनीच्या जाळ्यांत संख्येने वर्चस्व आहे ते या चिलापीचे.

चिलापीला गिऱ्हाईक आहे, महामार्गावरच्या ढाब्यांवर तो तळूनही जातो. पण किलोमागे मिळणारा भाव मोठ्या कटल्याच्या किंवा मरळीच्या तुलनेत कमी असतो. त्यामुळे होडीत वजन तेवढेच आले तरी हाती येणारी रक्कम तेवढी राहत नाही. मोठी मासळी घटणे म्हणजे काय, ते या फरकात कळते.

रोहू-कटला कमी आणि चिलापी भरपूर, असे का?

याचे उत्तर या माशांच्या प्रजननात आहे. रोहू, कटला, मृगळ हे साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाळ्यातील पूर, वाहते पाणी आणि नव्याने बुडालेला उथळ काठ लागतो. धरणाच्या स्थिर पाण्यात ते वाढतात, वजन धरतात, पण पुढची पिढी तयार करण्यासाठी त्यांना वर नदीच्या प्रवाहात जावे लागते. पूर वेळेवर आला, वाट मोकळी असली आणि अंड्यांवर आलेली मादी वाटेत जाळ्यात सापडली नाही, तरच हे जमते.

चिलापीला यातले काहीच लागत नाही. तो साचलेल्या पाण्यातच तळाला खड्डा करतो. मादी अंडी आणि पिल्ले तोंडात सांभाळते, त्यामुळे ती वाचण्याचे प्रमाण अधिक. दोन-तीन महिन्यांत मासा प्रजननक्षम होतो आणि वर्षातून अनेकदा पिल्ले देतो. संख्या वाढली की अन्न अपुरे पडते आणि सगळेच मासे लहान राहतात. पाणी थोडे घाण असले, प्राणवायू कमी असला तरी चिलापी तग धरतो. थोडक्यात, माणसाने जलाशयाची जी अवस्था केली आहे, ती चिलापीला मानवते आणि इतरांना नाही.

यात वाळूउपशाचीही भर पडते. उजनीत यांत्रिक बोटींनी होणारा बेकायदा वाळूउपसा आणि त्यावर महसूल विभागाची कारवाई हा वर्षानुवर्षांचा विषय आहे. तळ खरवडला गेला की अंडी घालण्याच्या जागा जातात आणि उथळ पाण्यात अचानक खोल खड्डे तयार होतात. ते माशांना आणि माणसांनाही घातक.

मत्स्यबीज सोडले की प्रश्न सुटतो का?

मच्छीमारांची सर्वात जुनी मागणी हीच आहे : जलाशयात मत्स्यबीज सोडा. रोहू-कटला स्थिर पाण्यात वाढतो पण वीत नाही, हे लक्षात घेतले तर ही मागणी रास्त आहे. मात्र बीज कोणत्या आकाराचे, किती आणि कधी, यावर सारे अवलंबून असते.

अंड्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या पिल्लांना मत्स्यजिरे म्हणतात. ती थोडी वाढली की मत्स्यबीज आणि बोटाएवढी झाली की बोटुकली. जलाशयात शिकारी मासे आणि मासेखाऊ पक्षी भरपूर असतात. तेथे जिरे सोडणे म्हणजे त्यांना खाऊ घालणेच. म्हणून निदान दहा सेंटिमीटरच्या आसपास वाढलेली बोटुकली सोडावी, असा मत्स्यशास्त्राचा सल्ला असतो. बोटुकली तयार करण्यासाठी संगोपन तलाव, खाद्य आणि दोन-तीन महिने लागतात, म्हणजेच खर्च वाढतो. कागदावर सोडलेल्या पिल्लांचा आकडा मोठा दिसावा असे वाटले, की आकार लहान होतो.

दुसरी अडचण जलाशयाच्या आकाराची. पाच हजार हेक्टरांपेक्षा मोठा जलाशय ‘मोठा’ गटात मोडतो आणि उजनी त्याच्या कितीतरी पुढे आहे. लहान तलावात सोडलेले बीज वर्षभरात मोठे करून काढून घेता येते. उजनीएवढ्या पाण्यात केवळ बीज सोडून भागत नाही. तेथे नैसर्गिक प्रजनन टिकवणे, म्हणजे पावसाळ्यात मासेमारी थांबवणे आणि नदीकडे जाणारे पट्टे मोकळे ठेवणे, अधिक मोलाचे ठरते.

जाळ्याच्या ‘आस’वरून वाद का?

जाळ्यातील एका चौकटीच्या मापाला मच्छीमार आस म्हणतात. पाण्यात भिंतीसारखे उभे राहणारे जाळे घ्या. माशाचे डोके चौकटीतून पुढे जाते, अंग अडकते आणि मागे सरकताना कल्ले गुंततात. चौकट मोठी असेल तर लहान मासा आरपार निघून जातो. म्हणजे आस ठरला की कोणता मासा पकडायचा आणि कोणता सोडायचा, हेही ठरते.

बारीक आसाच्या ओढजाळ्यात ही निवडच संपते. काठाजवळ असे जाळे पसरून दोन्ही टोकांनी ओढले की बोटाएवढी पिल्लेही बाहेर येतात. उजनीत ‘वडाप’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीविरुद्ध परंपरागत मच्छीमारांनीच वेळोवेळी आवाज उठवला आहे. ही लहान मासळी सुकवण्यासाठी किंवा खाद्यासाठी मातीमोल भावाने जाते.

साधा हिशेब मांडून पाहा. दहा ग्रॅमच्या शंभर बोटुकल्या मिळून वजन होते एक किलो. त्यातील निम्म्याच जगल्या आणि वर्षभरात प्रत्येकी एक किलोच्या झाल्या, तर होतात पन्नास किलो. आज एक किलो उचलणारा माणूस उद्याचे पन्नास किलो उचलून नेत असतो, आणि ते त्याच्या एकट्याचे नसतात.

मग असे करतो कोण आणि का? ज्याच्यावर जाळ्याचे, होडीचे कर्ज आहे आणि आपण सोडलेला मासा पुढच्या वळणावर दुसरा पकडणार अशी ज्याची खात्री आहे, त्याला थांबणे परवडत नाही. जलाशय तीन जिल्ह्यांत विभागलेला. पाणी जलसंपदा विभागाचे, मासेमारी मत्स्यव्यवसाय विभागाची, वाळू महसूल विभागाची आणि गुन्हा नोंदवायचा तर पोलिसांची. एका काठावर कारवाई झाली की जाळे दुसऱ्या काठावर जाते. स्फोटके आणि विष वापरून मासे मारण्यास १८९७ च्या मत्स्यव्यवसाय कायद्यापासून मनाई आहे. राज्याचा स्वतंत्र मत्स्यव्यवसाय अधिनियम १९६० पासून आहे. उणीव कायद्याची नाही, एवढ्या मोठ्या पाण्यावर रोज लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणेची आहे.

पुण्याच्या सांडपाण्याचा उजनीशी संबंध काय?

पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधून वाहणारी मुळा-मुठा रांजणगाव सांडस येथे भीमेला मिळते. इंद्रायणी त्याआधीच तुळापूरला मिळालेली असते. दोन महानगरांतील प्रक्रिया न झालेले किंवा अर्धवट प्रक्रिया झालेले सांडपाणी, उद्योगांचे पाणी आणि उसाच्या शेतातून वाहून आलेले खत हे सारे शेवटी उजनीत येऊन थांबते. वाहती नदी काही प्रमाणात स्वतःला साफ करते, साचलेल्या पाण्यात घाण तळाला बसते.

सांडपाण्यातील नत्र आणि स्फुरद हे पाण्यातल्या शेवाळासाठी खत ठरते. उन्हाळ्यात जलाशयाचे पाणी हिरवे दिसते ते यामुळे. दिवसा शेवाळ प्राणवायू सोडते, पण रात्री तेच प्राणवायू वापरते आणि मेल्यावर कुजताना आणखी खाते. त्यामुळे पहाटेच्या सुमारास पाण्यातील प्राणवायू सर्वात कमी असतो. पाणी तापलेले, साठा घटलेला आणि त्यात पहिल्या पावसाबरोबर नदीपात्रातील साचलेली घाण वाहून आली, की मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागतात आणि मरतात. अशा वेळी आधी जातो तो स्वच्छ पाण्यातला मासा. चिलापी मागे उरतो.

पुण्यात जपानच्या ‘जायका’ या संस्थेच्या अर्थसाह्याने मैलापाणी शुद्धीकरणाचा प्रकल्प हाती घेण्यात आला, त्याचा करार २०१६ मध्ये झाला. पुणेकरांसाठी हा नदीसुधाराचा विषय आहे. भिगवणच्या मच्छीमारासाठी आणि उजनीचे पाणी पिणाऱ्या सोलापूरकरांसाठी तो रोजच्या ताटाचा आणि घोटाचा विषय आहे.

‘सकर’ आणि ‘मांगूर’चा धोका किती?

घरातील काचेच्या टाकीत शेवाळ साफ करण्यासाठी ठेवला जाणारा सकर मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. टाकीत मावेनासा झाला की तो नदीत सोडून दिला जातो. उजनीच्या जाळ्यांतही तो सापडू लागला आहे. त्याच्या अंगावर कठीण खवल्यांचे चिलखत आणि परांना काटे असतात. तो जाळ्यात अडकला की जाळे फाडल्याशिवाय निघत नाही. बाजारात त्याला भाव नाही. काठाला बिळे करून तो अंडी घालतो, त्यामुळे काठ ढासळतो. एकदा जलाशयात रुजला की त्याला पूर्णपणे काढून टाकणे जवळपास अशक्य असते.

आफ्रिकन मांगूरचे संकट वेगळ्या वाटेने येते. या मांसाहारी माशाच्या पालनावर केंद्र सरकारने २००० मध्ये बंदी घातली. तरीही जलाशयालगतच्या तळ्यांत त्याचे चोरून पालन होत असल्याचे आणि ती तळी नष्ट केल्याचे प्रकार इंदापूर परिसरात घडले आहेत. पुरात असे एखादे तळे फुटले, तर मांगूर थेट जलाशयात पोहोचतो आणि स्थानिक माशांची पिल्ले फस्त करतो.

पर्यटन हा मासेमारीला पर्याय आहे का?

जोडधंदा म्हणून नक्कीच, पर्याय म्हणून नाही. त्याची तीन कारणे आहेत.

पहिले, हंगाम. पक्षी पाहायला येणाऱ्यांची गर्दी साधारण नोव्हेंबर ते मार्च आणि फार तर मेपर्यंत असते. त्यातही खरा धंदा शनिवार-रविवारचा. उरलेल्या दिवसांत घर चालते ते मासळीवरच.

दुसरे, जागा. पक्षी सगळीकडे बसत नाहीत. कुंभारगाव, डिकसळ अशा थोड्या गावांना त्याचा फायदा मिळतो. करमाळा किंवा माढ्याच्या काठावरील मच्छीमाराकडे पर्यटक क्वचितच फिरकतो. त्याला मासा मिळाला नाही तर दुसरे साधन नाही.

तिसरे, पाणी. पक्षी पाहण्याच्या धंद्याला पाणी उतरलेले हवे, मासेमारीला पाणी टिकलेले हवे. पाणी झपाट्याने आटले की मासे थोड्या जागेत गोळा होतात, काही आठवडे जाळी भरून येतात आणि बाजारात भाव पडतो. पण त्या भरल्या जाळ्यांत पुढच्या पावसाळ्यात अंडी घालणारे मासेही असतात. काठ उघडा पडला की त्यावर गाळपेर शेती सुरू होते, मोटारी बसतात, काही ठिकाणी चिखलातले पक्ष्यांचे खाद्यही संपते. म्हणजे उतरलेल्या पाण्याचा फायदाही मर्यादेतच मिळतो.

दोन्ही व्यवसायांत थेट खटकेही उडतात. पहाट ही जाळी उचलण्याची वेळ आणि छायाचित्रकारांची आवडती वेळही. यांत्रिक होडीच्या पंख्यात जाळे अडकले की जाळे तुटते आणि होडीही अडकते. पर्यटकांना थवा उडताना पाहायचा असतो, म्हणून होडी थेट पक्ष्यांत घातली जाते. वारंवार उडवलेला पक्षी खाणे सोडतो आणि जागा बदलतो. तो गेला की त्या गावाचा हंगामही गेला. जाणते होडीवाले म्हणूनच दूर अंतरावर इंजिन बंद करतात आणि वल्ह्याने पुढे सरकतात.

होडीतील प्रवास सुरक्षित आहे का?

एप्रिल २०१७ मध्ये उजनीत सहलीला आलेल्या डॉक्टरांची होडी उलटून चौघांचा मृत्यू झाला. २१ मे २०२४ रोजी सायंकाळी करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण दगावले. एक जण पोहत काठावर पोहोचला.

दोन्ही दुर्घटना एप्रिल-मेमधल्या आहेत. वळवाच्या दिवसांत दुपारनंतर अचानक वारा सुटतो. पसरट जलाशयावर त्याला अडवायला काहीच नसते, त्यामुळे काही मिनिटांत लाटा उठतात. मासेमारीची होडी दोन माणसे आणि जाळ्यासाठी असते. तीत आठ-दहा माणसे बसली आणि पक्षी दिसताच सगळी एका बाजूला झुकली, तर वाऱ्याशिवायही ती कलंडू शकते.

अंतर्गत जलवाहतुकीतील नौकांसाठी केंद्राचा २०२१ चा कायदा आहे. नोंदणी, सुरक्षा साधने, प्रवासी क्षमता यांचे नियम त्यात येतात. प्रत्यक्षात गावच्या काठावर जीवरक्षक जाकीट अंगात घालायचे की बसायला खाली टाकायचे, हे अजूनही पर्यटकाच्या मर्जीवर सोडले जाते. उकडते म्हणून जाकीट काढणारा पर्यटक आणि गिऱ्हाईक तुटेल म्हणून गप्प बसणारा होडीवाला, ही जोडी सर्वात धोकादायक.

पुढे काय करता येईल?

राज्य मंत्रिमंडळाने एप्रिल २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा देण्यास मान्यता दिली. त्यामुळे शेतकऱ्यांप्रमाणे कर्ज, वीजदर, विमा यांतील सवलतींचा मार्ग मच्छीमारांसाठी खुला झाला. पावसाळ्यातील मासेमारी बंदी खऱ्या अर्थाने पाळली जावी असे वाटत असेल, तर या सवलतींचा उपयोग तेथेच व्हायला हवा. दोन महिने चूल कशी पेटेल याचे उत्तर दिल्याशिवाय बंदीचा फलक लावून काही साधत नाही.

उजनीतील मोठा मासा परत येणे तीन गोष्टींवर अवलंबून आहे : योग्य आकाराची बोटुकली, मोठ्या आसाचे जाळे आणि वरून येणारे स्वच्छ पाणी. यातील बोटुकली सरकारच्या हातात आहे आणि पाणी पुणे-पिंपरीच्या महापालिका व उद्योगांच्या हातात. मच्छीमाराच्या हातात आहे तो फक्त आस. सध्या कारवाई त्याच्यावरच होते, कारण तो काठावर सापडतो. तीनही बाजू एकाच वेळी हलल्या नाहीत, तर एकट्या जाळ्यावरची बंदी त्याला अन्यायाचीच वाटत राहील.

जलाशयावर जलपर्यटन वाढवण्याच्या योजनांची चर्चा होते, तेव्हा धक्के, बोटी, निवासव्यवस्था यांचे आराखडे मांडले जातात. त्याच आराखड्यात होडीवाल्यांच्या सहकारी संस्थेला पहिला हक्क, अंडी घालण्याच्या पट्ट्यांत यांत्रिक बोटींना मज्जाव आणि पर्यटन उत्पन्नातील ठरावीक वाटा बोटुकलीसाठी, एवढ्या तरतुदी झाल्या तर दोन्ही व्यवसाय एकमेकांना आधार देऊ शकतील.

पर्यटकालाही यात वाटा उचलता येतो. जाकीट घालूनच होडीत बसणे, वळवाच्या दिवसांत सकाळीच फेरी उरकणे, पक्षी उडवण्याचा आग्रह न धरणे आणि जेवायला बसल्यावर ताटात तळहातापेक्षा लहान रोहू-कटला आला तर नको म्हणणे. आंध्रातील तळ्यांतून बर्फात येणारी मासळी महाराष्ट्राच्या बाजारांत मुबलक असते, त्यामुळे उजनीचा मासा संपला तरी महामार्गावरच्या ढाब्यांवरील फलक तसेच राहतील. फक्त पहाटे जाळी उचलून परतणारी होडी काठावर दिसणार नाही.